पश्चिमेस कोणाची जमीन

विभा बोकीलची आणि ग्लेन-सानची ओळख रद्दीच्या गठ्ठ्यावरून झाली.

आमच्या ओजिमाच्या दांचीत, म्हणजे या उंच उंच सरकारी इमारतींच्या वसाहतीत, कचऱ्याचे वार ठरलेले आहेत. जळणारा कचरा वेगळा, बाटल्या-डबे वेगळे, आणि रद्दी आठवड्यातून एकदाच, तीही सुतळीने चौकोनी गठ्ठा बांधून. दुसऱ्याच्या गठ्ठ्याला हात लावणं इथे चोरीच्या जवळपास जातं. विभाने हात लावला. नुसता लावला नाही, तर सुतळी सैल करून वरचा कागद उपसला आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. मी माझे पुठ्ठे घेऊन शेजारी उभी, आणि समोरून सोसायटीच्या कमिटीवरच्या कडक बाई येताना दिसत होत्या. मी तिला कोपराने ढोसलं.

"शमा, हे खरेदीखत आहे गं," ती म्हणाली.

"असू दे. ठेव ते परत."

"जुनं आहे. बघ ना, झाडापासून हद्द सुरू केलीय."

तेवढ्यात मागून एक उंच, जरासा वाकलेला, पांढऱ्या दाढीचा गोरा माणूस आला आणि जपानीत म्हणाला की तो गठ्ठा त्याचा आहे. मी पटकन माफी मागून मोकळी झाले. विभाने मात्र त्यालाच विचारलं, "तुम्ही हे टाकताय का?" तो म्हणाला, टाकतोय, बरीच वर्षं शोधलं, आता पुरे. कोणाला शोधत होता, हा तिचा पुढचा प्रश्न. "माझ्या पूर्वजाला," तो म्हणाला. दहा मिनिटांनी तो गठ्ठा त्याच्याच लिफ्टने त्याच्याच घरी परत गेला, आणि तो उचलला होता विभाने.

आता ही विभा कोण, ते सांगायला हवं. माझ्याच मजल्यावर राहते. पुण्याची म्हणतात तिला, पण मूळची वाईजवळच्या एका गावची, शाळिग्रामांची मुलगी. नवरा सुशील सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या कंत्राटामागून ती इथे आली. पुण्यात ती एका वकिलांकडे 'सर्च'चं काम करायची. कोणी जमीन घ्यायची म्हटलं की तिच्यावर आधी कोणाकोणाचा हक्क होता, हे जुन्या नोंदींतून खणून काढायचं, असं ते काम. इथे तिला व्हिसाप्रमाणे थोडेच तास काम करता येतं, म्हणून ती स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, बाइतो, म्हणजे तासांवरची नोकरी, करते. तिथे तिच्या छातीवर 'बोकिरु' अशी पाटी असते, आणि काउंटरवर उकळत ठेवलेलं ओदेन, म्हणजे तिथलं रश्श्याचं खाणं, कितीदा ढवळायचं यावर मॅनेजर तिला रोज व्याख्यान देतो. ती ऐकून घेते. तिच्यात राग नावाची वस्तूच कमी आहे, ती सगळी देवाने माझ्याकडे वळवली.

वाचायची मात्र तिला भयंकर सवय. शांपूची बाटली, गॅसचं बिल, औषधाच्या डबीतली ती सात घड्यांची चिठ्ठी, काही म्हणजे काही सोडत नाही. केसांत पेन्सिल खोचून ती कागदाशी बोलते, "बरं, मग पुढे?" असं. माझ्या नवऱ्याच्या, अनुपच्या बँकेने दिलेला घराचा करारही तिने हौसेने वाचला आणि त्यातल्या दोन चुका काढून दिल्या. अनुप अजून तिला थोडा घाबरून असतो.

ग्लेन व्हिटलो, इथल्या रीतीने ग्लेन-सान, हे निवृत्त इंग्रजी शिक्षक. साचिको-सानशी लग्न करून जन्मभर जपानात राहिले. मूलबाळ नाही. त्यांच्या घराण्याचा माग त्यांना टॉमस व्हिटलो नावाच्या माणसापर्यंत लागला होता. त्याच्या मागे धुकं. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा व्हर्जिनियात एका काउंटीत आयझॅक व्हिटलो नावाचा एकजण जमीन घेऊन राहिला होता, आणि ग्लेन-सानचे वडील छातीठोकपणे सांगायचे की हा आयझॅकच टॉमसचा बाप, मोठा जमीनदार, लोकांनी फसवून त्याची जमीन लाटली. पण कागद काय सांगत होते? आयझॅकने जमीन घेतली, काही वर्षांनी सगळीच्या सगळी विकली, आणि त्यानंतर काउंटीच्या कोर्टाच्या आणि जमिनीच्या कुठल्याच सूचीत त्याचं नाव नाही. मृत्युपत्र नाही, मुलांची नोंद नाही. टॉमस त्याचा मुलगा की आणखी कोणाचा, हे सिद्ध होत नव्हतं. इंटरनेटवर मिळतात त्या जुन्या पानांच्या प्रती काढून काढून ग्लेन-सानचं घर भरलं होतं. साचिको-साननी शेवटी झोपायचं अंथरूण, फुतोन, कुठे ठेवायचं असं विचारलं, म्हणून तो गठ्ठा खाली आला होता.

विभा त्यांच्याकडे आठवड्यातून दोन दुपारी जायला लागली. मीही जायचे. मला त्या किरट्या अक्षरांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण साचिको-सान गोड मिकान, म्हणजे इथली छोटी संत्री, सोलून द्यायच्या आणि घरी बसून मी तरी काय करणार होते.

"काउंटी म्हणजे आपला तालुका समज," विभाने मला पहिल्याच दिवशी समजावलं. मग ती ग्लेन-सानकडे वळली. "तुम्ही व्हिटलो हे नाव शोधत बसलात. आमच्याकडे असं अडलं की आम्ही शेजारी शोधतो."

आपल्या खरेदीखतात जमीन चतुःसीमेनं सांगतात. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस अमक्याची जमीन, उत्तरेस तमक्याची. त्या अमेरिकन खतांतही तेच होतं, फक्त पाल्हाळ जास्त. पांढऱ्या ओकच्या झाडापासून निघा, ओढ्याच्या काठाने अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत जा, तिथून तमक्याच्या बांधाने परत या. विभाचं म्हणणं साधं होतं. एखाद्याच्या नावावर खत झालंच नसेल तर सूचीत त्याचं नाव येणार नाही. पण त्याच्या शेजाऱ्याने कधी ना कधी जमीन विकली असेल, आणि विकताना त्याला हद्द सांगावीच लागली असेल. ग्लेन-साननी कपाटातून चष्म्याची दुसरी जोडी काढली. आयझॅकच्या जमिनीला लागून असलेल्या प्रत्येक शेजाऱ्याची, त्याच्या मुलांची, त्यांच्याकडून घेणाऱ्यांची खतं दोघं एकेक करून उघडायला लागले.

हे चालू असताना विभाच्या स्वतःच्या घरात एक पाकीट फ्रिजवर पडून होतं. तिचे वडील आदल्या वर्षी गेले, आई त्याच्याही आधी. ओढ्याकाठच्या शेताच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं लागली, भावाचं आणि विभाचं. भाऊ अंबरीष वाईत औषधाचं दुकान चालवतो आणि शेतात हळद करतो. त्याने पाठवलेलं ते पाकीट. त्यात मुखत्यारपत्राचा मसुदा होता. विभाने तो टोकियोच्या आपल्या वकिलातीत जाऊन सही करून द्यायचा, की त्यावरून तिकडे तिचं हक्कसोडपत्र होणार, आणि सातबाऱ्यावर एकटा अंबरीष राहणार. सोबत फोनवर निरोप होता, "सोलर पंपाचा अर्ज करायचाय. दर वेळी टोकियोहून सही कुठून आणू?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "विभा, सही करशील तर याद राख. कायद्याने अर्धं तुझं आहे."

"मला कायदा शिकवतेस?" ती हसली. "शमा, सगळ्याच जणी सोडतात. मी तिथे राहणार आहे का हळद लावायला?"

"तो प्रश्न नाही."

"तोच आहे. जमीन घेतली की माहेर संपतं. मी बघितलंय ते, कितीतरी घरांत. मला तुकडा नकोय, मला दादा हवाय. तुझ्यासारख्या मैत्रिणी असल्या की माणूस दोन्हीकडून जायचा." हे ती अगदी शांतपणे बोलली, म्हणून मला जास्तच लागलं. तिने वकिलातीची तारीखही घेऊन टाकली. मी पुढे तो विषय काढायचा नाही असं ठरवलं, आणि माझ्या मानाने ते बरंच पाळलं.

चेरीची फुलं गळून झाडं हिरवी झाली होती तेव्हा शेजारी सापडला. त्या शेजाऱ्याच्या नातवाने, आयझॅकने जमीन विकल्यानंतर एक पिढी उलटल्यावर, आपला तुकडा विकला होता. त्याच्या हद्दीत लिहिलं होतं: तिथून हॅना व्हिटलो हिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या बांधाने, जिथे सध्या तिचा मुलगा टॉमस राहतो. विभाने ते मोठ्याने वाचलं. ग्लेन-साननी तिच्या हातातून कागद घेतला, खिडकीपाशी नेला, परत आणला. त्यांच्या दाढीतलं हसू मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. टॉमसची आई सापडली होती, आणि ती आयझॅकच्या जुन्या जमिनीवरच बसलेली होती.

"पण जमीन तर सगळी विकली होती," ते म्हणाले. "हिचा हिस्सा राहिला कसा?"

विभाने पेन्सिल केसांतून काढली. तिने गठ्ठ्यातून आयझॅकचं विक्रीचं खत शोधलं. रद्दीच्या दिवशी तिने सर्वांत वरून उपसला होता तोच कागद. त्याच्या पाठोपाठ आयझॅकच्या बायकोच्या संमतीचं पान होतं, पण ते तिने वाचलंच नव्हतं. ही विभा, जी शांपूची बाटली सोडत नाही. मी तसं म्हटलं, तर तिने सांगितलं की बायकांच्या संमतीचा मजकूर ती कधीच वाचत नाही, कारण तो सगळीकडे सारखाच असतो. पुण्यात तिने ढीगभर हक्कसोडपत्रं टाइप केली होती. नव्या साड्या नेसून आलेल्या बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांगेत उभं केलं होतं, त्यांचे अंगठे यंत्रावर नीट टेकवले होते. 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता' हे तिची बोटं आपोआप टाइप करायची.

आता ती वाचायला लागली. तिकडे त्या काळी नवऱ्याने जमीन विकली तरी बायको विधवा झाल्यावर तिचा तिसरा हिस्सा तिच्या हयातीपर्यंत तिला मिळायचा. तो तिने आपण होऊन सोडला तरच सुटायचा. म्हणून कोर्ट बायकोला बोलवायचं, आणि ती येऊ शकत नसेल तर माणसं पाठवायचं. त्यांनी नवऱ्याला दूर ठेवून बाईला एकटीला विचारायचं, की बाई, तू हे खुशीने सोडतेस ना. बाकी सगळ्या खतांमागे बायकांनी हो म्हटलेलं होतं. हॅनाला प्रवास झेपत नव्हता म्हणून दोन माणसं तिच्या घरी गेली. नवरा नसताना तिला विचारलं. तिने सांगितलं की तिची इच्छा नाही.

एवढंच होतं. पुढे सह्या. नवरा मेल्यावर तिने कोर्टात अर्ज करून तिसरा हिस्सा मागितला आणि मिळवला, ते नंतर विभाने काढलंच. पण त्या दुपारी ती एका ओळीवर थांबली. ग्लेन-सान स्वतःशी म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या माणसाला शोधत होतो." साचिको-साननी विचारलं, त्या बाईचं नाव काय. मग त्या उठल्या, घरातल्या बुत्सुदानपुढे, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे, त्यांच्या आईवडिलांच्या फोटोंशेजारी, एक मिकान ठेवून आल्या. त्यांच्या दृष्टीने घरातलं एक माणूस सापडलं होतं, तर त्याला काहीतरी खायला द्यायला नको का?

जाताना विभा साचिको-सानना नमस्कार करायलाही विसरली.

वकिलातीची तारीख मे महिन्यात होती. मी सोबत गेले. कुदानशिता स्टेशनवरून वर आलं की खंदक लागतो, आणि खंदकाच्या कडेने चाललं की वकिलात. विभाच्या हातात ते पाकीट होतं. दारापासून थोडं अलीकडे ती बाकावर बसली.

"दादाला फोन करते," ती म्हणाली.

तिकडे सकाळचा चहा चालला असणार. अंबरीषने लगेच उचलला. विभा म्हणाली, "दादा, वहिनी शेजारी आहे का? मग तू जरा ओट्यावर ये. एकटा ये." मग तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "शमा, तू पण जरा लांब जा."

मला. जिने हा विषय तळहातावरच्या फोडासारखा सांभाळला होता, तिला. मी फणकाऱ्याने उठले आणि खंदकाच्या कठड्यापाशी जाऊन बदकं बघत उभी राहिले. मागे वळून बघायचं नाही ठरवलं होतं, पण बघितलं. विभा खाली मान घालून ऐकत होती. मग थोडं बोलली. मग नुसती फोन कानाला लावून बसली. शेवटी एकच शब्द बोलली असेल, एवढेच ओठ हलले.

ती उठली ती वकिलातीकडे नाही, स्टेशनकडे चालायला लागली.

"मी त्याला म्हटलं, दादा, तू कागद पाठवलास, पण मला विचारलं नाहीस," ती जिन्यावर सांगायला लागली. "तू मला विचार, की विभा, तू शेतावरचा हक्क सोडतेस का. आधी तो म्हणाला, हे काय नवीन. मग विचारलं त्याने. अगदी लहानपणी विचारायचा तसं, विभे म्हणून."

"मग?"

"मी हो म्हणणार होते गं. खरंच. त्याला एकदा विचारायला लावायचं आणि हो म्हणायचं, असंच ठरवलं होतं. पण त्याने विचारलं आणि मला बाबांच्या मागे बांधावरून पळणारी मी दिसले. त्या बांधावर मला कुठला दगड डगमगतो ते अजून माहीत आहे. नाही म्हणाले."

"आणि तो?"

"बरं म्हणाला. आणि ठेवला फोन."

शिंजुकु लाइनच्या गाडीत ती दारापाशी उभी राहून ओजिमापर्यंत रडली. जपानी लोक अशा वेळी फार चांगले असतात, बघत नाहीत. मी तिचा हात धरला होता. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं.

नंतर तिकडून शांतताच. राखी तिने नेहमीसारखी वेळेत पाठवली. पोहोचली, हे पोस्टाच्या वेबसाइटवर दिसलं, अंबरीषकडून काही आलं नाही. कोंबिनीत फोन बघायला बंदी आहे, तरी गिऱ्हाईक गेलं की ही काउंटरखाली बघायची, आणि मॅनेजरने ओदेनखेरीज त्यावरही व्याख्यान सुरू केलं. भाऊबीजेला वहिनीकडून पणत्यांचं एक चित्र आलं, जे तिने सगळ्यांनाच पाठवलं असणार. त्या अंबरीषला मी मनातल्या मनात किती फैलावर घेतलं, त्याला गणती नाही. विभा त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची नाही. ग्लेन-सानकडे मात्र जात राहिली. आता त्यांना हॅनाचा बाप हवा होता. एकदा केतकीने, तिच्या मुलीने, मामाचा फोन का येत नाही असं जपानीत विचारलं. विभाने मराठीत सांगितलं की मामा कामात आहे, आणि भांडी घासायला लागली.

जानेवारीतला रविवार होता, स्वच्छ ऊन पडलेलं. सगळ्या इमारतींच्या गॅलऱ्यांत फुतोन वाळत होती. मी विभाकडे शेंगा सोलत बसले होते. फोन वाजला, विभाचे हात ओले होते, तिने तो स्पीकरवर टाकला.

"विभा, ऐक," अंबरीषचा आवाज आला. कसा आहेस, कशी आहेस, काही नाही. "शेजारच्या जगताप काकांनी त्यांचा तुकडा विकायला काढलाय. वकिलाने मसुदा दिलाय, आणि काका म्हणतात हद्द बरोबर आहे का बघ. तू हे काम करायचीस. वाचतो, चुकलं असेल तर सांग."

"वाच," विभा म्हणाली.

"पूर्वेस गावचा रस्ता. दक्षिणेस ओढा. उत्तरेस देवस्थानची जमीन." तो थांबला. घसा साफ केल्याचा आवाज आला. "पश्चिमेस अंबरीष दिनकर शाळिग्राम व विभा सुशील बोकील यांची सामाईक जमीन."

विभा नळ बंद करायला विसरली होती. मी उठून तो बंद केला.

"बरोबर आहे का?" त्याने विचारलं.

"परत वाच," ती म्हणाली.

त्याने परत वाचलं. यावेळी रस्ता, ओढा, देवस्थान सगळं सोडून फक्त शेवटची ओळ वाचली, आणि सावकाश वाचली.

"बरोबर आहे, दादा."

"हं. मग काकांना तसं सांगतो." पलीकडून वहिनी काहीतरी बोलत होती. "आणि तो सोलर पंपाचा अर्ज अजून तसाच पडलाय. त्यावर तुझी सही लागेल. टोकियोहून पाठवू नकोस. आंब्याच्या दिवसांत या सगळे, आणि इथे येऊन कर."